पुढची गोळी

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे घराघरात एक शस्त्र दाखल होते. त्याला परवाना लागत नाही की पोलिसांचा दाखला लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात लवंगी फटाक्यांच्या शेजारी ते दोरीला टांगलेले असते. टिकल्यांचे पिस्तूल! पहिला दिवस मोठ्या झोकात जातो. दुसऱ्या दिवशी टिकली आत अडकते, चाप ओढला तरी घोडा पडत नाही. मग पुढचा सगळा प्रसंग तुमच्या घरीही घडलेला असणार. चिरंजीव पिस्तूल उलटे करून नळीला डोळा लावतात. नंतर ते दोन-चार वेळा हलवून पाहतात. आणि शेवटी "सडके आहे हे!" असे म्हणून ते फरशीवर आपटतात. आजोबा चष्मा शोधीपर्यंत त्याचे दोन तुकडे झालेले असतात.

वाचकहो, खेळण्यातले पिस्तूल आहे म्हणून आपण हसतो. पण बिघडलेले हत्यार स्वतःकडे वळवणे, घाईने खटपट करणे आणि मग सगळा राग त्या हत्यारावर काढणे या तीन सवयी मोडून काढण्यासाठीच नेमबाजीचे शिक्षक आपला पहिला महिना खर्च करतात. नेम धरायचा कसा, हे त्यानंतर.

या सदराच्या लेखकाला हे ज्ञान कोठून झाले, असे तुम्ही विचाराल. मी आयुष्यात लेखणी आणि छत्री यांखेरीज काही रोखलेले नाही. परंतु आमच्या घरात गेले वर्षभर नेमबाजी नांदते आहे. बोरिवलीच्या पश्चिमेला, गोराईच्या वसाहतीत आमचे घर आहे. खाली आम्ही, वर धाकटा भाऊ. गच्चीवर उभे राहिले की खाडीची खारफुटी दिसते आणि पलीकडे विपश्यनेच्या पॅगोडाचा सोनेरी कळस चमकतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी, गुरुवारी दुपारी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. आणि त्याच रात्री नववीतल्या आमच्या पुतणीने जेवणाच्या पाटावर जाहीर केले, की आपण नेमबाज होणार. भावाने आमटीत भात कालवता कालवता विचारले, "आणि कथ्थकचे काय झाले?" कथ्थकचे पैसे भरून दोनच महिने झाले होते.

पण पोरगी हट्टाची. उपनगरातल्या एका वर्गात तिचे नाव घातले गेले. पहिल्या रविवारी सोबत म्हणून मी गेलो, आणि तिथे जे पाहिले त्याने माझ्या बऱ्याच कल्पना पुसून टाकल्या.

मला वाटले होते, धडाधड आवाज होत असतील. तिथे देवळातल्या दुपारसारखी शांतता! दहा मीटरवर कागदाची लक्ष्ये टांगलेली. हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफली. त्यांतून सुटणारा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. लक्ष्याच्या अगदी मधला दहा गुणांचा ठिपका केवढा असेल? अर्धा मिलिमीटर! अनारशावर जी खसखस लावतात, तिच्या दाण्याहूनही बारीक. तो ठिपका दहा मीटरवरून दिसतच नाही. दिसतो तो भोवतालचा काळा गोल. त्या गोलाचा मध्य नजरेने साधायचा, श्वास सोडून क्षणभर थांबायचे, आणि त्या थांबण्यात चाप मागे यायचा. खाडीपलीकडच्या पॅगोडात शेकडो माणसे डोळे मिटून आपल्या श्वासाकडे पाहत बसतात. या मुली तेच काम डोळे उघडे ठेवून करीत होत्या.

पहिला धडा नेमाचा नव्हताच. रायफल ठेवायची कशी, उचलायची कशी, याचा होता. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे. चापावर बोट नेम धरल्यानंतरच. तोवर ते बाहेर सरळ. खाली ठेवलेल्या रायफलीच्या नळीतून एक भडक रंगाची दोरी ओवलेली असते. तिची दोन्ही टोके दिसली, की रायफल रिकामी आहे हे लांबूनही कळते. आणि चाप ओढूनही छर्रा सुटला नाही, तर? नळी न हलवता, लक्ष्याकडेच रोखून, मोकळा हात वर करायचा आणि पंचांना बोलवायचे. मागे वळून "मॅडम, हे चालत नाही!" असे म्हणायचे नाही, कारण वळताना तुमच्याबरोबर नळीही वळते. टिकल्यांच्या पिस्तुलाचे सगळे पाप इथे धुऊन निघते.

नेमबाजीची आणखी एक जात परदेशांत मोठ्या हौसेने खेळली जाते. इंग्रजीत तिला 'प्रॅक्टिकल शूटिंग' म्हणतात. व्यवहारातली नेमबाजी म्हणू या. १९७६ साली अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या कोलंबिया या गावी तिची जागतिक संघटना स्थापन झाली. हिच्यात खेळाडू एका जागी उभा राहत नाही. कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढायचे, आडोशांमधून पळायचे, वाटेत लागेल त्या लक्ष्यावर गोळी झाडायची आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे. हिशोब असा की नुसता अचूकपणा पुरत नाही आणि नुसती घाईही पुरत नाही. पण तिच्या नियमांतली एक गोष्ट मला फार आवडली. लक्ष्य चुकले तर गुण जातात. खेळ चालूच राहतो. मात्र हातातून पिस्तूल निसटून पडले, पळताना नळी ठरलेल्या कोनापलीकडे वळली, किंवा पिस्तूल भरताना चुकून बार उडाला, की जगज्जेता असला तरी त्याची स्पर्धा तिथेच संपते. नेम चुकणे हा माणसाचा धर्म आहे असे मानणारा आणि हत्यार बेफिकिरीने हाताळणे मुळीच न चालवून घेणारा हा कायदा आहे. आपल्या घरांत नेमके उलटे असते. गणितात दोन गुण गेले तर रामायण, आणि गॅसची शेगडी रात्रभर चालू राहिली तर "असू दे, कोणाच्या हातून होत नाही?"

असो. आपल्याकडची मुले शिकतात ती ऑलिंपिकमधली नेमबाजी. एका जागी उभे राहून, गुडघ्यावर बसून किंवा पालथे पडून करायची. तिच्यात धावपळ नाही, म्हणून संकटेही नसतील असे कोणाला वाटेल. पण संकटांना एक जागा पुरते.

मनू भाकरचेच पाहा. टोकियोचे ऑलिंपिक, तारीख २५ जुलै २०२१. दहा मीटर पिस्तुलाची प्राथमिक फेरी. साठ छर्रे, वेळ पंचाहत्तर मिनिटे. मनूने सुरुवात चांगली केली होती. सोळा छर्रे झाले आणि पिस्तुलाचा एक खटका मोडला. पिस्तूल घेऊन तिला रेंज सोडावी लागली, दुरुस्ती झाली, ती परत आली. मधल्या वेळात घड्याळ चालूच होते. जादा वेळ मिळाला नाही. चव्वेचाळीस छर्रे शिल्लक आणि हाताशी चाळीस मिनिटांहूनही कमी वेळ! तरी तिने ५७५ गुण केले. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. एकोणीस वर्षांच्या मुलीवर देशभर टीका झाली. 'बिघाड, बिघाड काय सांगते,' असेही म्हणणारे निघाले. तीन वर्षांनी, २८ जुलै २०२४ रोजी, पॅरिसला त्याच प्रकारात तिने कांस्यपदक मिळवले. आणि दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर मिश्र प्रकारात दुसरे. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदके, ही गोष्ट स्वतंत्र भारताच्या कोणत्याही खेळाडूने तोवर केलेली नव्हती.

इथे कोणी म्हणेल, की यंत्र मोडले यात माणसाचा दोष काय? खरे आहे. तेव्हा आता दुसऱ्या टोकाची गोष्ट ऐका. यात यंत्र शाबूत होते.

अथेन्स, २२ ऑगस्ट २००४. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीपर्यंत तीन गुणांनी पुढे होता. गोळी कशीबशी आतल्या गोलांत लागली असती तरी सुवर्णपदक त्याचेच. त्याने नेम धरला, गोळी झाडली. फलकावर गुणच उमटेनात! पंच धावले. शोध घेता कळले, की गोळी उत्तम गेली होती. फक्त ती शेजारच्या लक्ष्यावर गेली होती. शून्य गुण. पहिल्या क्रमांकावरचा माणूस एकदम आठवा झाला. त्याने नंतर सांगितले, की एरवी तो आधी लक्ष्यावरचा क्रमांक पाही आणि मग नजर खाली आणी. त्या एका गोळीला मन शांत ठेवण्याच्या नादात क्रमांक पाहायचा राहिला.

चार वर्षांनी बीजिंगला तोच प्रकार, तीच शेवटची गोळी, आणि पुन्हा तीन गुणांहून मोठी आघाडी. या खेपेला बोट चापाला वेळेआधी लागले. गुण मिळाले ४.४, आणि क्रमांक चौथा. असे दोनदा घडल्यावर माणूस रायफल विकून शेती करील. हा २०१२ साली लंडनला पुन्हा उभा राहिला. शेवटची गोळी पुन्हा ढळली, ७.६. पण या वेळी कांस्यपदक हातात उरले.

या कथेला एक गोड शेपूट आहे. अथेन्सच्या त्या रात्री एका उपाहारगृहाच्या अंगणात त्याचे सांत्वन करायला एक चेक नेमबाज मुलगी आली. कातेरिना तिचे नाव. २००७ साली दोघांचे लग्न झाले, आणि बीजिंगच्या ऑलिंपिकचे अगदी पहिले सुवर्णपदक तिने मिळवले. आमच्या मातोश्रींना ही हकिकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे गोळी बरोबरच लागली म्हणायची!"

यंत्राचा दोष झाला, माणसाचा झाला. आता तिसरा प्रकार. यात दोष नक्की कोणाचा तेच सांगता येत नाही. अभिनव बिंद्रा २००४ साली अथेन्सला अंतिम फेरीत गेला आणि सातवा आला. मागाहून त्याला कळले, की ज्या फरशीवर तो उभा होता ती खालून सुटलेली होती. आता या फरशीला काय बोलणार? पुढची चार वर्षे त्याने स्वतःला नाना तऱ्हेने घडवले. बीजिंगला निघण्यापूर्वी जर्मनीत एका चाळीस फुटी उंच खांबावर तो चढला, भीतीच्या क्षणी हातपाय कसे वागतात ते पाहण्यासाठी! आणि बीजिंगला काय झाले? अंतिम फेरीआधीच्या सरावात छर्रा भलतीकडेच गेला. रायफलीच्या साइटचे, म्हणजे नेम धरण्याच्या खिडकीचे, माप बदललेले होते. कसे बदलले हा विचार करायला तो थांबला असता तर सुवर्णपदक गेलेच होते. त्याने माप परत जुळवले आणि फेरी सुरू केली. शेवटच्या छर्ऱ्याआधी तो आणि फिनलंडचा हक्कीनेन बरोबरीत होते. हक्कीनेनला ९.७ मिळाले, बिंद्राला १०.८. ११ ऑगस्ट २००८. भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक.

पण मी गोष्टीचा गोड तेवढाच भाग सांगणार नाही. २०१६ साली रिओला बिंद्राची शेवटची स्पर्धा होती. फेरीच्या थोडे आधी रायफल पडली आणि तिचे साइट मोडले. दुसरे बसवून तो लढला आणि चौथा आला. पदक अगदी थोडक्यात हुकले. तेव्हा संकटाला नीट तोंड दिले म्हणजे पदक मिळतेच, असा काही नियम नाही. मिळते एवढेच, की पुढची गोळी तुमची राहते. ती संकटाच्या मालकीची होत नाही.

हे सगळे मी पुस्तकी शहाणपण म्हणून सांगितले असते. पण गेल्या हिवाळ्यात ते आमच्या घरात येऊन बसले.

पुतणीची पहिलीच स्पर्धा होती, शाळाशाळांमधली. निम्मे छर्रे झाले तोवर तिचे बरे चालले होते. मग एकाएकी एकेक छर्रा खाली उतरू लागला. नऊ, आठ, सात... तिला वाटले आपलाच हात गळला. ती नेम वर वर घेऊ लागली. श्वास वाढला, हात कापू लागला, एक छर्रा तर काळ्या गोलाच्याही बाहेर गेला. संपल्यावर शिक्षिकेने रायफल पाहिली. नळीखालच्या नळकांड्यातला हवेचा दाब संपत आला होता. त्याचा काटा तिथेच असतो. छर्रा खाली का जातो, हे तो काटा ओरडून सांगत होता; पण पाहायचे कोणाच्या ध्यानात आले नाही.

घरी आल्यावर ती कोणाशी बोलली नाही. रात्री भाऊ खाली आला. तो विमा कंपनीत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपघातांचे हिशोब केलेला माणूस. म्हणाला, "दादा, स्वतःची रायफल घ्यायची तर दोन-अडीच लाखांना हात घालावा लागेल. जाकीट, बूट, छर्रे वेगळे. पुढच्या वर्षी दहावी. आणि एका काट्याकडे पाहायचे राहिले म्हणून जर सगळे कोसळणार असेल, तर हा खेळ आपला नव्हे."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मध्यमवर्गीय घरात दोन लाख म्हणजे नुसते पैसे नसतात; ते कोणाचे तरी पुढे ढकललेले डोळ्यांचे ऑपरेशन असते, गळक्या गच्चीची दुरुस्ती असते. मी गप्प राहिलो. बोलल्या त्या मातोश्री. त्या स्वयंपाकघरात भाजणी चाळत होत्या. तिथूनच नातीला हाक मारून म्हणाल्या, "अगं, पहिल्या घाण्याची चकली तेलात फुटली, तर सोऱ्या खिडकीतून फेकतात का? मोहन जास्त झाले असेल, पिठात थोडी भाजणी मिसळायची आणि दुसरी घालून बघायची. म्हणून तर आधी एकच घालतात!"

मला त्या वेळी आठवले, की नेमबाजीतही हीच पद्धत आहे. मोजायच्या गोळ्या सुरू होण्याआधी हव्या तितक्या चाचणीच्या गोळ्या झाडायला वेळ दिलेला असतो. त्यांचे गुण धरत नाहीत. आजचा उजेड कसा आहे, वारा कसा आहे, रायफल काय म्हणते आहे, हे त्यांवरून कळते. आजीची पहिली चकली ती हीच.

दुसऱ्या दिवशी पुतणीने शिक्षिकेला फोन केला. शिक्षिका रागावल्या नाहीत आणि "होते असे, विसरून जा" असेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सांगितले, "वहीत लिही. काय झाले ते एका ओळीत. पुढच्या वेळी काय करणार ते दुसऱ्या ओळीत. तिसरी ओळ लिहायची नाही." रडगाणे जे असते ते नेहमी तिसऱ्या ओळीपासून सुरू होते, हे त्या बाईंना ठाऊक असावे.

त्यानंतर जे शिक्षण सुरू झाले ते मला सर्वांत मनोरंजक वाटले. एक पत्र्याची डबी तयार झाली. तिच्यात लहानमोठे पाने, जादा स्क्रू, फडके आणि छर्ऱ्यांची दुसरी डबी. भरलेले दुसरे नळकांडे पिशवीत. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी: दाब, साइट, क्रमांक, श्वास. दर दहा छर्ऱ्यांनी रायफल टेकवायची आणि त्या चार शब्दांवरून नजर फिरवायची. एमन्सला त्या दिवशी यांतला तिसरा शब्द कोणी आठवून द्यायला हवा होता!

शिक्षिका आता मुद्दाम विघ्ने आणू लागल्या. सराव चालू असताना अचानक दिवा मालवायचा. दार धाडकन लावायचे. न सांगता नळकांड्यातली हवा कमी करून ठेवायची. आधी मुली दचकत, मग चिडत. महिन्याभराने अशी अवस्था आली, की दिवा गेला की त्या रायफल टेकवून शांतपणे उभ्या राहत. जणू लोकल सिग्नलला थांबली आहे. विघ्न ओळखीचे झाले की त्याचा निम्मा जोर जातो.

घरी कोरडा सराव. म्हणजे छर्रा न घालता नुसता नेम, श्वास आणि चाप. वर्गातून सरावाला आणलेली रायफल. भाऊ स्वतः ती रिकामी असल्याची खात्री करतो, तेव्हाच ती उचलायची. आजीच्या पाकिटातली एक काळी टिकली भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवली आहे. रोज वीस मिनिटे. चाप पडल्यावरही दोन श्वास तसेच उभे राहायचे, नजर टिकलीवरून काढायची नाही. कारण छर्रा नळीबाहेर पडायच्या आत ज्याला निकाल पाहायची घाई होते, त्याचाच निकाल बिघडतो. या वीस मिनिटांत आवाज नाही, गुण नाहीत, टाळ्या नाहीत. मोठमोठ्या नेमबाजांची बरीच मेहनत अशाच मुक्या सरावात जाते असे शिक्षिका सांगतात. आणि पाहिल्यावर मला ते पटले.

आपल्या महाराष्ट्राने हा मुका सराव पूर्वीपासून केला आहे. मुंबईची अंजली वेदपाठक, म्हणजे पुढची अंजली भागवत, महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेतून रायफलीकडे वळली आणि २००० साली सिडनीला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेली. नवी मुंबईच्या सुमा शिरूर २००४ साली अथेन्सच्या अंतिम फेरीत होत्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटरमध्ये, पालथे पडून करायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. त्याच वर्षी तिने आपले वडील गमावले होते. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले. पदकाचे छायाचित्र आपण पाहतो. भिंतीवरची टिकली कोणी पाहत नाही.

आणि ज्याच्यामुळे आमच्या घरी हे सगळे सुरू झाले, त्या स्वप्नीलची गोष्ट अजून पुरी सांगितलेली नाही. पॅरिसच्या आधी दहा महिने, २९ सप्टेंबर २०२३ रोजी, चीनमध्ये हांगझौला आशियाई स्पर्धा होती. सकाळी सांघिक सुवर्ण झाले होते. वैयक्तिक अंतिम फेरीत स्वप्नील पुढे होता. उभे राहून झाडायच्या शेवटच्या टप्प्यात एक गोळी ढळली, ७.६. पहिल्या जागेवरून तो चौथा झाला. त्याच्याआधीच्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच होता. चौथा क्रमांक ही मोठी वाईट जागा. तिथून व्यासपीठ अगदी स्पष्ट दिसते.

तर मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागलेला हा माणूस आणि त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे, ज्या स्वतः अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये खेळल्या होत्या, पुन्हा कामाला लागले. पॅरिसच्या अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या गोळ्या झाल्या तेव्हा तो सहावा होता. पालथे पडून झाडल्यावर पाचवा. आता राहिले उभे राहणे. हांगझौला जिथे घात झाला तोच टप्पा! इथे ती ७.६ ची आठवण मानेवर बसायला किती सोपी होती. पण तो एकेक गोळी झाडत वर सरकला, तिसऱ्या जागेवर आला आणि तिथेच टिकला. एकूण गुण ४५१.४. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मध्ये बहात्तर वर्षे गेली.

हेलसिंकीचे नाव निघाले आहे तर एक शेवटची आठवण. खाशाबांच्या त्याच ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या कारोय ताकाच याने पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले होते, लागोपाठ दुसऱ्यांदा. हा मूळचा उजव्या हाताचा नेमबाज. १९३८ साली सैन्यात असताना एक सदोष बाँब हातातच फुटला आणि तो उजवा हात कामातून गेला. त्याने कोणाला फारसे न सांगता डाव्या हाताने सुरुवात केली. १९४८ चे लंडन आणि १९५२ चे हेलसिंकी, दोन्ही सुवर्णपदके डाव्या हाताची आहेत. 'आता या हाताचे काय' असे लोक विचारीत असतील, तेव्हा तो दुसऱ्या हाताचे काय करायचे ते पाहत होता.

भावाने रायफल अजून घेतलेली नाही. दहावीची परीक्षा होऊ दे, मग पाहू, असे ठरले आहे. तोवर वर्गातली रायफल पुरते. मार्चमधल्या दुसऱ्या स्पर्धेत पुतणीला काही क्रमांक मिळाला नाही. मात्र मध्येच साइटचा एक स्क्रू ढिला झाला, तेव्हा तिने नळी न हलवता हात वर केला, पंचांना बोलावले, डबीतला पाना काढला, स्क्रू आवळला आणि पुन्हा उभी राहिली. त्यानंतरचा छर्रा गेला १०.२. भाऊ मागच्या बाकावर बसला होता. घरी येताना रिक्षात तो एवढेच म्हणाला, "पाना कोणत्या मापाचा होता गं?" विमा कंपनीतल्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नसते.

आपल्या घरांतली मुले सगळीच काही रायफल धरणार नाहीत. कोणी बुद्धिबळ खेळेल, कोणी तबला वाजवील, पुष्कळ जण नुसती परीक्षा देतील. पण त्या प्रत्येकाचा खटका कधीतरी मोडणार आहे, पायाखालची फरशी कधीतरी हलणार आहे. त्या दिवशी ती दारातून आत आली की आपण सवयीने विचारतो, "किती मिळाले?" त्याऐवजी एकदा असे विचारून पाहा: "बिघडले, त्यानंतरचे कसे गेले?" या प्रश्नाला मुले जरा विचार करून उत्तर देतात. मी विचारून पाहिले आहे.

आणि हो, यंदा टिकल्यांचे पिस्तूल अडकले तर चिरंजिवांना नळीत डोळा घालू देऊ नका. ते घ्या, भिंतीकडे तोंड करा, आणि दोघे मिळून शांतपणे स्प्रिंग काढा. टिकल्यांची दुसरी डबी तोवर उन्हात तापू द्या. दिवाळी चांगली चार दिवसांची आहे!